लाईन जोडून देणारी आत्या

माझी आत्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बोर्डावरच्या भोकांत वायरी खुपसून दोन गावं जोडून द्यायची, हे तिचं काम. एकदा जोडून दिलं की ऑपरेटरने ऐकत बसायचं नाही, असा तिथला नियम. तो तिच्या अंगात इतका मुरला की निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी घरात कुणी फोनवर बोलू लागलं की ही उठून आत जाते.

अशा बाईच्या हाती मी स्मार्टफोन दिला आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

"आता कोण जोडून देतं?" हा पहिला प्रश्न.

"कुणी नाही. आपोआप लागतो."

"आपोआप कसा? कुणीतरी बसलेलं असणारच की."

मग मनोरे झाले, समुद्राखालच्या केबल्स झाल्या. माझं ज्ञान चार दिवसांत आटलं. पाचव्या दिवसापासून ती फोनलाच विचारू लागली आणि वर मलाच शिकवू लागली. मला जरा रागच आला, खरं सांगते.

एकदा म्हणाली, "एका वेळी तिघांना जोडता येतं का गं? चेहऱ्यांसकट?"

"येतं. कुणाला जोडायचंय?"

तिने ताकास तूर लागू दिली नाही. मी दाखवलं ते वहीत पायरीपायरीने लिहून घेतलं.

माझे बाबा आणि काका हे तिचे धाकटे भाऊ. नऊ वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता. आजी गेली तेव्हा बाबांनी काकांना उशिरा कळवलं आणि काका पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आत्या आता अठ्ठ्याहत्तरची. "मी गेले तर हे एकमेकांना कळवणार तरी कसं?" असं ती मला एकदाच म्हणाली होती, तेही हसत.

रविवारी दुपारी तिने दोघांना एकदम फोन लावला. ताईचा फोन म्हणून दोघांनीही उचलला. दोन्ही चेहरे पडद्यावर आल्यावर तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवला, "बोला," म्हणाली आणि दार लोटून बाहेर आली.

"अगं, तू का आलीस? त्यांना समजवायला नको?"

"माझं काम जोडून द्यायचं."

"आणि त्यांनी ठेवून दिला तर?"

"तर देतील."

मी दाराला कान लावायला गेले, तर तिने दंडाला धरून मागे ओढलं. मग बाबांचा आवाज चढला आणि काकांचा त्याहून वर चढला.

"भांडतायत म्हणजे लाईन चालू आहे," आत्या पुटपुटली.

हळूहळू आवाज खाली आले. कुणीतरी नाक शिंकरलं. मग काकांची हाक आली, "ताई, कुठे गेलीस? ये की इकडे."

"ये गं ताई," बाबाही म्हणाले.

ती जागची हलेना. मीच तिला आत नेऊन खुर्चीवर बसवलं. दोघं पिकल्या केसांचे भाऊ पडद्यावर तिच्याकडे बघत होते. आत्याने डब्याला टेकवलेला फोन उगाच जरा सरळ केला.

"ऐकू येतंय ना दोघांना?" तिने विचारलं.

"येतंय गं," काका म्हणाले. "तू बोल."