आईचा डमी अर्ज

आई गेली तेव्हा पेपरात छापून आलं, की आमच्या किनाऱ्यावरून निवडून गेलेल्या पहिल्या महिला आमदाराने शेवटी लेकीसाठी आनंदाने जागा सोडली. बातमीदाराला हे वाक्य मीच दिलं होतं. फोनवर, रडता रडता, पण शब्द नीट जुळवून. त्यातला 'आनंदाने' धडधडीत खोटा आहे.

आई उरणकडच्या मिठागरात राबणाऱ्या घरातली. सातवी शिकलेली. आधी सरपंच, मग जिल्हा परिषद आणि मग तीन वेळा विधानसभा. तिचं राजकारण भरती-ओहोटी बघून चालायचं. मुंबईचे पुढारी सकाळी अकराची सभा लावायचे आणि रिकाम्या खुर्च्या दिसल्या की तिच्यावर डाफरायचे. ती शांतपणे सांगायची, "सुकती हाय साहेब. बाया खाडीत शिवल्या काढतान. पानी चढला का येतील." पाणी चढलं की बाया खरंच यायच्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल आणि टोपल्यांत शिंपले घेऊन, आणि साहेबांना दोन तास घड्याळाकडे बघत बसावं लागायचं. मला त्याची फार मजा वाटायची. विधानसभेत ती पहिल्यांदा याच बोलीत बोलली तेव्हा काही सभासद हसले. तिने त्यांचं हसून होऊ दिलं आणि खारं पाणी शेतात घुसवणाऱ्या फुटक्या बांधांचा प्रश्न पहिल्या वाक्यापासून पुन्हा मांडला.

मी तिची डमी. निवडणुकीत मुख्य उमेदवाराचा अर्ज कशाने बाद झालाच, तर पक्ष वाऱ्यावर राहू नये म्हणून घरच्याच कुणाचातरी दुसरा अर्ज भरून ठेवतात. पक्षाच्या एबी फॉर्मवर वर उमेदवाराचं नाव आणि खाली पर्यायी म्हणून डमीचं. तिन्ही वेळा वर आई, खाली मी. छाननीत आईचा अर्ज वैध ठरायचा, माझा आपोआप बाद व्हायचा आणि आम्ही दोघी बाहेर येऊन वडापाव खायचो. "पडलीस गो बाय," म्हणून ती मला चिडवायची.

चौथ्या वेळी फॉर्म शेवटच्या दिवशी आला, दुपारी एक वाजता. तीनला अर्ज घेणं बंद होणार होतं. पक्षाच्या निरीक्षकाने लखोटा आईच्या नाही, माझ्या हातात दिला आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. वर माझं नाव होतं. खाली आईचं.

आईने चष्मा लावून कागद वाचला. "नावां वर-खाली झाली. टाइप करताना चुकला का कोन?" तिने विचारलं.

"नाही ताई. वरिष्ठांना चेहरा नवा हवाय," निरीक्षक म्हणाला.

तिने कागद माझ्या हातात परत दिला. निवडणूक कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. मी अर्ज भरलाच नसता, तर डमी म्हणून तिचा अर्ज उभा राहिला असता. नवा फॉर्म आणायला वेळ उरला नव्हता. पक्षाला तीच उमेदवार मान्य करावी लागली असती. हे निरीक्षकाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि हयातभर निवडणुका लढवलेल्या माझ्या आईला तर पुरेपूर ठाऊक होतं.

मी तिच्याजवळ गेले. "आये, काय करू?"

"तुझा तू बघ," ती म्हणाली.

त्यानंतर मी लोकांना अनेक कारणं सांगितली. पक्षाने जागाच दुसऱ्याला दिली असती, गुडघ्यांमुळे आईला प्रचार झेपला नसता, तिनेच मला पुढे केलं. सगळ्या थापा. पंधरा वर्षं तिची पत्रं मी लिहिली, भाषणांचे कागद मी लावले, फोटोत तिच्या खांद्यामागे अर्धी मी. वर छापलेलं माझं नाव बघून मला आनंद झाला. आई चार हातांवर बसलेली असताना झाला, याची मला आजही किळस येते. मी पेन मागून घेतलं आणि सह्या केल्या.

मग आईने स्वतःचा डमी अर्ज भरला. मोठ्या मोठ्या अक्षरात, एकेक रकाना बोटाने धरून. माझ्यासारखा घाईघाईत नाही भरला तिने.

दुसऱ्या दिवशी छाननी होती. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. अधिकाऱ्यांनी माझा अर्ज वैध म्हणून वाचला आणि मान वर न करता पुढे म्हणाले, "त्यामुळे पर्यायी उमेदवाराचा अर्ज बाद." आईचा अर्ज त्यांनी उघडलासुद्धा नाही. बाहेर गुलाल आणि ढोल घेऊन पोरं उभी होती. त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला आणि एक आईच्याही.

जिना उतरताना तिने माझा दंड धरला. गुडघ्यांमुळे ती नेहमीच धरायची. अर्ध्यात थांबली आणि खालच्या गर्दीकडे बघत हळूच म्हणाली, "मना वाटला, तू न्हाय म्हनशील."

रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. ती नुसतं सांगत होती. मलाही कालपर्यंत तसंच वाटत होतं. ढोल वाजायला लागला. तिने माझा दंड सोडला, कठडा धरला आणि उरलेल्या पायऱ्या एकटी उतरली.