दारं वेल्ड केलेली डॉज

मंडळी, रोह्याच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय. आज दुपारी आमच्या गॅरेजमधली जुनी डॉज मोटार भंगारात गेली.

कायमचे इस्रायलला जाताना आमच्या शेजारच्या शलोमकाकांनी ती बाबांच्या हवाली केली होती. बाबांनी ती कायम चालू ठेवली. मग कळलं, पेणला गाड्या एकमेकींवर आदळायचा खेळ होणार आणि शेवटपर्यंत चालेल ती जिंकणार. बाबा हट्टाला पेटले, आपली डॉजच टिकणार.

दोन महिने राबले. काचा काढल्या, धडकेत उघडू नयेत म्हणून चारी दारं वेल्ड करून बंद केली, पुढे धक्के झेलायला लोखंडी चॅनेल जोडला, पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या जागी आणली.

खेळाला परवानगीच मिळाली नाय. दारं कापून सोडवायला गेलो, तर जुना पत्राच फाटला. दारं तशीच बंद राहिली, मग गाडी भंगारात द्यायची ठरली.

आज भंगारवाला दार ओढत राहिला. "उघडत नाय ते," म्हणत बाबा खिडकीतून आत शिरले. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. नदीपलीकडच्या अष्टमी गावच्या पुलावरून त्यांनीच ती भंगारवाल्याकडे नेऊन सोडली.

शलोमकाका दर पत्रात गाडीची खुशाली विचारतात. काय कळवू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "मजबूत हाय म्हणून लिही."

तुम्ही काय लिहिलं असतं?