मुकी अक्षरं

"अक्षर तोंडातून निघालं की पायात उतरलं पाहिजे," असं म्हणत बाई पदर खोचून स्वतःच पहिली उडी मारायच्या.

प्रकाशा गावाजवळच्या आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग त्यांचा, तिसरीचा माझा. अंगणात चुन्याच्या चौकटी, प्रत्येकीत एक अक्षर. एकानं 'म' म्हणायचं, बाकीच्यांनी 'म'वर उडी घ्यायची. धूळ माझ्या वर्गात, गलका माझ्या डोक्यात. मी कावलो की म्हणायच्या, "ओरडू द्या हो गुरुजी. बसून शिकलेलं झोपेत विसरतं." पण गुजर पाटलांची आणि त्यांच्याच शेतात राबणाऱ्या सालदारांची पोरं एका चौकटीत आदळताना तुम्ही तरी कुठे पाहिलीत?

एका पावसाळ्यात बाईंना मुदतीचा ताप आला. बाई वाचल्या, कान गेले. जिल्हा तेव्हा धुळ्याचा. तिथल्या साहेबांना कळलं तर नोकरी जाणार, आणि विधवा बाईला त्या वर्गावाचून होतं कोण? मग त्या पोरांचे ओठ बघून खेळ घेऊ लागल्या. आम्हीही कुणी बोललो नाही.

हिवाळ्यात एकदा बाहेर इतकं सामसूम, की वाटलं शाळा सुटली. जाऊन बघतो तर उड्या चालूच. एक पोरगा ओठ घट्ट मिटून उघडत होता, आवाजच नाही. बाकीची बरोबर 'म'वर. बाई टाळ्या वाजवत होत्या.

मी एका चिमुरडीला विचारलं, "आवाज का नाही काढत गं?"

"बाईले ऐकू येत नही. मंग वरडानं कसाले?"

बोलताना तिचं तोंड बाईंकडे होतं. बाईंनी ओठ वाचले. टाळीचा हात तसाच राहिला.

"मुकी अक्षरं शिकवली मी, गुरुजी," एवढंच म्हणाल्या.

पुढे महिनाभर त्या पोरांना ओरडायला सांगत राहिल्या. पोरं ओरडतात की नाही हे त्यांना कळणार कसं? शेवटी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी पुन्हा खेळ घेतला. मोठ्यानं ओरडायचं, असा मी पोरांना आधीच दम भरला होता, पण बाई समोर उभ्या राहिल्या आणि पोरांनी सवयीनं नुसतीच तोंडं उघडली. भलीमोठी, बाईंना नीट दिसावीत अशी.

बाई माझ्याकडे वळल्या. "काढताहेत ना आवाज?"

मी मान डोलावली.

"चांगला मोठा?"

पुन्हा डोलावली. बाईंनी डोळे मिटून घेतले. पलीकडच्या वाड्यात म्हैस रवंथ करत होती, तेवढंच ऐकू येत होतं.