खुर्च्या विचारतात, स्टूल उत्तर देतं

कराड-मलकापूरच्या तमाम सुजाण जनतेला अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येत आहे की, इंग्रजीत प्रश्न विचारायला आधी बुडाखाली खुर्ची लागते. स्टुलावर बसणाऱ्याने फक्त उत्तर द्यायचं.

हा शोध आमच्या शाळेत लागला. मी तिथली बसवरची मावशी. मूळची माण तालुक्यातली, पोटासाठी मलकापुरात आलेली. जूनपासून साऱ्या स्टाफनं इंग्रजी बोलायचं, न बोलेल त्यानं घरी बसायचं, असा हुकूम निघाला. शनिवारी शाळा सुटली की मॅडम शिकवायच्या. शाळा त्यांच्या सासऱ्यांची. कडेनं खुर्च्यांवर ऑफिसातल्या बाया, मधोमध स्टूल, स्टुलावर मी. मॅडम एक शब्द द्यायच्या, खुर्च्यांनी प्रश्न बनवायचा, मी उत्तर द्यायचं. तेही पूर्ण वाक्यात. नुसतं येस-नो चालायचं नाही.

"डू यू टेक अ बाथ?"

येस मॅडम, आय टेक अ बाथ. खुर्च्या खुदखुदल्या. मीही हसले. न हसून जाणार कुठं? नोकरी मॅडमच्या हातात.

मग शब्द आला, चोरणे. मागं एका पोराची पाण्याची बाटली हरवली, तेव्हा सगळ्यांदेखत एकच पिशवी उलटी केली होती. माझी. बाटली बसच्या सीटखाली निघाली. माफी कुणाच्या तोंडून निघाली नाही. क्लार्कबाई माझ्याकडं बघून गोड हसल्या.

"डू यू स्टील?"

तू चोरी करतेस का.

"नो, आय डू नॉट स्टील."

"मोठ्यानं, मावशी. उच्चार नीट."

परत म्हटलं. आणखी मोठ्यानं म्हटलं. दारात ड्रायव्हर, शिपाई उभे. त्यांच्यादेखत मी ओरडून सांगतेय, मी चोर नाही, मी चोर नाही. कोर्टातसुद्धा शपथ एकदाच घेतात.

शेवटी उच्चार पसंत पडला. "व्हेरी गुड." टाळ्या. त्या टाळ्यांनीच मला जाग आली. चोर नाही म्हणून शाबासकी?

उठले. स्टूल उचललं, खुर्च्यांच्या ओळीत नेऊन ठेवलं आणि ऐटीत बसले. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, हे मॅडमनीच शिकवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं,

"मॅडम, डू यू स्टील?"

खुर्च्यांचं हसू जागच्या जागी वाळलं.

"मावशी, मला नाही विचारायचं."

"का? वाक्य चुकलं?"

चुकलं नव्हतं. नोकरी जाईल, तर जाऊ दे. त्या मधल्या जागेवर मी परत बसणार नाही. माझ्यामागून येईल त्या मावशीलाही बसू देणार नाही. एवढं ठरवलं आणि मॅडमवरची नजर न काढता बसून राहिले.

तेवढ्यात आमचा बसड्रायव्हर, मॅडमपुढं जन्मात तोंड न उघडलेला माणूस, दारातून बोलून गेला,

"आवं मॅडम, जवाब द्या की. पुरं वाक्य."