कर्णेवाल्याची जपून ठेवलेली तबकडी

एकोणीसशे साठच्या आसपास मी वलगावच्या शाळेत शिकवत होते. गावात लग्न असलं की अमरावतीहून ग्रामोफोन आणि लाउडस्पीकरचा कर्णा घेऊन एक कर्णेवाला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मांडवाच्या कोपऱ्यात बसून तो दुपारभर तबकड्या लावायचा. कव्वालीनंतर लावणी, मग एखादं भावगीत, त्यावर सिनेमातलं नाचरं गाणं. कुणी फर्माईश केली तर तो नुसता हसायचा, तरी त्यानं लावलेलं गाणं मांडवाला आवडायचंच. मला याचं फार कुतूहल वाटे.

एकदा मी जवळ जाऊन विचारलं, "पुढचं गाणं कसं निवडता?"

तो माझ्या ओठांकडे पाहत होता. "मोठ्यानं बोला बाई. कर्ण्यापाशी बसू बसू कान गेले माहे."

मी पुन्हा विचारलं.

"लोकाइचे पाय पाहतो. पाय थांबले का तबकडी बदलतो."

मग त्यानं फडक्यात गुंडाळलेली एक तबकडी काढली. "कान होते तवा हेच लय ऐकलं."

ती लावून त्यानं ग्रामोफोनच्या पेटीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून मान डोलावू लागला. तबकडी पार झिजली होती. नुसती खरखर येत होती, एक शब्द कळत नव्हता.

"आवाज साफ येते ना, बाई?"

"अगदी साफ," मी म्हणाले.

त्यानंतर ते गाणं कोणतं, हे विचारायची सोय उरली नाही. रेडिओवर त्या काळचं अनोळखी गाणं लागलं की मी आजही हातातलं काम ठेवून ते शेवटपर्यंत ऐकते.