जोडी चौदाचे फोटो

"ही माही पोरगी नोय," लेकीच्या लग्नाचा अल्बम माझ्यापुढे सरकवत सुमनबाई म्हणाल्या. "अन् मांगची बाईबी मी नोय."

अमरावतीच्या एका फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटर सांभाळायचे. कापसाने सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं, त्यामुळे लग्नं सामुदायिक सोहळ्यांत उरकली जायची. फोटो आमचे मालक सलीमभाई काढत. एकेक जोडी घरच्यांसह स्टेजवर येई. समोरून सलीमभाईंचा कॅमेरा, बाजूने भाड्याने आणलेला दुसरा.

कॅमेरा फोटोंना नुसते नंबर देतो. म्हणून मी इंटरनेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं होतं. फोटो काढल्याची वेळ बघून ते सगळ्या फायलींना एका दमात 'जोडी-१', 'जोडी-२' अशी नावं देई. मी जाम खूश होते. कौतुकाने सांगावं असं मात्र कोणी नव्हतं. खोलीवर मी एकटीच राहायचे.

"सलीमभाई, दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं होतं?"

"उसमें घड्याळ भी रहता?"

झालं! बाजूचे सगळे फोटो भलत्याच जोड्यांत गेले होते.

"समोरचे बराबर हायेत ना? तेच देऊन टाका," सलीमभाई म्हणाले.

"त्याच्यात मी दिसतच नाई," सुमनबाई म्हणाल्या. "सारी नवरदेवाची मंडळी पुढं. पोरीसंग माहा दुसरा फोटोच नाई, भाऊ. आमच्या टायमाले लाइन गेली होती, पाहा बरं."

लोडशेडिंग एकदाचं कामी आलं. मांडवातल्या ट्यूबलाइट विझल्यानंतरचा पहिला फोटो मी दोन्ही कॅमेऱ्यांत शोधला. दोघांच्या वेळांत जो फरक, तीच घड्याळाची चूक. तेवढ्या वेळा सरकवून पुन्हा रिनेम केलं.

मायलेकी सापडल्या. काळोखात फ्लॅश पडलेला आणि दोघी हसत होत्या.

सुमनबाई बघतच राहिल्या. "आता घरी बोलाले कोणी नाई," म्हणाल्या. मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "खाली काय लिवलं?"

"जोडी-१४."

"तिचं नाव लिवा ना, वनिता म्हून. सासरी बदललं. पूजा म्हनतेत आता तिले."

तेव्हापासून दोन कॅमेरे निघाले की मी आधी घड्याळं जुळवते. ती एक फाइल मात्र मी हाताने रिनेम केली, 'वनिता आणि आई'.