मामांची हुंडणावळ

'पैज' हा शब्द कानावर पडला की आमचे मामा भरल्या ताटावरून उठत. दिवाळीत अवघे कल्याण सोंगट्या खेळे, मामा मात्र दार लावून बसत. कापसाच्या तेजीत आजोबांनी सट्ट्यापायी राहते घर घालवले होते. जन्मात सट्टा करणार नाही, अशी मामांनी त्यांच्या चितेपुढे शपथ घेतली.

खाडीकाठी त्यांची भाताची वखार होती. माल गलबतातून मुंबईला जाई, पण विम्याचे नाव काढायची सोय नव्हती. "माझंच गलबत बुडेल अशी पैज मी सायबाशी लावू?" असे विचारत. हट्टी होते खरे, पण आम्हा बापाविना पोरांना त्यांनीच वाढवले. इतका सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

उतारवयात त्यांनी भात सडायची वाफेची गिरणी घालायचे मनात घेतले. टिटवाळ्याची जमीन गहाण टाकून विलायतेहून यंत्र मागवले. किंमत पौंडांत, आणि ती यंत्र बंदराला लागल्यावर चुकती करायची. तिकडे नाणे सोन्याचे, इकडे चांदीचे. चांदी उतरत चालली होती आणि एका पौंडाला मोजायचे रुपये, म्हणजे हुंडणावळ, वाढत होती. मी तेव्हा मुंबईत, कोटातल्या एका बँकेत कारकून होतो. तडक कल्याण गाठले.

"मामा, बँक करार करून देते. पैसे यंत्र आल्यावर द्यायचे, पण भाव आजचा. बांधून घ्या."

"आणि चांदी पुन्हा चढली तर?"

"तर चार रुपये जास्त गेले म्हणायचे. बुडणार तर नाही!"

"म्हणजे चढेल की उतरेल यावर पैजच की रे! बापाच्या चितेपुढे बोललोय मी."

करार न करणे हीच मोठी पैज आहे, हे मी परोपरीने सांगितले. मामीने पदर पसरला. ते उठून वखारीत निघून गेले. त्यांचा तेव्हा राग आला होता, आजही येतो.

यंत्र आले तोवर चांदी पार कोसळली होती. मामीचे दागिने गेले, वखार गेली, तरी भरणा पुरा होईना. खोकीही न फोडता यंत्र बंदरावरच लिलावात निघाले. जमीन सावकाराने घेतली आणि गिरणीच्या जोत्यावर गवत माजले. मामांनी अंथरूण धरले ते कायमचे.

शेवटी शेवटी मी भेटायला गेलो, तेव्हा ते आढ्याकडे बघत पडले होते. मला पाहून म्हणाले, "मी कधी खेळलो नाही रे. मग हरलो कसा?"

उत्तर मला ठाऊक होते. मी नुसते त्यांचे पाय चेपत राहिलो.